कार्डाची वरची बाजू

येलदरी वसाहत,
१४ मे १९८५

ती. गं. भा. आईस,
प्रभावतीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. देवगाव फाट्यावर एसटी बदलताना तू दिलेला शेवयांचा डबा गाडीतच राहिला होता. ह्यांनी पळत जाऊन तो आणला आणि आल्यापासून शेवयांवर निम्मा हक्क सांगत आहेत. पॉवर हाऊसमध्ये ह्यांची पाळी पहाटेची लागली आहे. उन्हानं धरणाचं पाणी खूप खाली गेलंय, वसाहतीतल्या बायका रोज जाऊन बघून येतात आणि रोज तेवढ्याच काळजीनं सांगतात.

आई, चुलीपाशी राखेत मी तुला जे शिकवलं ते विसरू नकोस. धाकटी विमला हे पत्र तुला वाचून दाखवते आहेच, म्हणून तिच्या कानावरही घालते. गेल्या श्रावणात तू पंधरा दिवस तापानं पडून होतीस आणि तुझ्या तिन्ही कार्डांवर "इकडील सर्व खुशाल" असंच होतं. मला कळलं ते ताप उतरल्यावर. लग्नाचं पत्र असलं तर कोपऱ्याला हळदकुंकू लागतं, कुणी गेलं तर कोपरा फाडतात, न वाचताही माणसाला कळतं. पण लग्न आणि मरण सोडून जे काही घरात होतं, त्याला कार्डावर खूण नाही. म्हणून ही तोंडं.

एक गोल काढायचा, भाकरीएवढा नको, बांगडीएवढाही नको, बोराएवढा. त्यात एक रेघ. रेघेची टोकं वर गेली तर तू आनंदात, खाली आली तर दुःखात, सरळ असली तर चाललंय. मी माझ्या तोंडाला डोळे आणि कपाळावर टिकली काढली आहे, बघ खाली. हसते आहे. विमले, तू वाचताना वाक्यं गाळतेस हे मला ठाऊक आहे, निदान हे गाळू नकोस.

लोभ आहे तो आटू देऊ नये.
तुझी,
प्रभावती

---

पाथरी,
२४ मे १९८५

चि. सौ. प्रभावतीस,
आई नर्मदाबाईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंस नमस्कार सांगणे.

तुझे पत्र पोचले. विमलाने दोनदा वाचून दाखवले. या वयात मला तोंडे काढायला लावतेस, शेजारच्या कडूबाईने पाहिले तर ती गावभर करील. राखेत चार वेळा काढून पाहिले, तीन वेळा ते वांग्यासारखे झाले. डोळे मी काढणार नाही. डोळे काढले की ते तोंड आपल्याकडेच बघत बसते. आणि टिकलीचे तू शिकवलेस ते तुझ्यासाठी ठीक आहे. माझ्या तोंडाला ते कशाला? माझे आपले गोल आणि मधोमध रेघ.

तुझे माणिककाका काल येऊन गेले. विमलासाठी सेलूच्या आबासाहेबांकडचे स्थळ आणले आहे. मुलगा बी-बियाणांच्या दुकानावर बसतो, चंद्रभान नाव. घरची शेती आहे, माणसे चांगली आहेत असे काका म्हणतात. बारावी होऊन वर्षभर घरात बसलेल्या पोरीला असे घर चालून येते म्हणजे देवाची मेहरबानी. तुझे वडील गेल्यापासून ही एकच काळजी माझ्या उशाशी होती.

विमला हे लिहिताना मान खाली घालून आहे. ती लाजते आहे असे मी समजते. तिला तुला काही लिहायचे असेल तर तिने आपले वेगळे पत्र लिहावे. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या मामाला लिहायला सांगितलेल्या पत्रात हिने मनाचे दोन शब्द घातले, त्यावरून मामा सहा महिने आला नव्हता. तेव्हापासून ज्याचे पत्र त्याचेच, हा आपल्या घरचा कायदा आहे. मी सांगते ते लिहायचे, दोनदा वाचून दाखवायचे आणि ओळी बोटाने मोजून घ्यायच्या. एक ओळ जास्त झाली तर कार्ड चुलीत जाते.

खाली तोंड काढले आहे. हसू आले असेल तर कळव.

ममता असू दे.
तुझी आई
(हस्ते विमला)

---

येलदरी वसाहत,
३० मे १९८५

ती. गं. भा. आईस,
प्रभावतीचा शि. सा. न. वि. वि.

तोंड पोचलं. थोडं पेरूसारखं आहे, पण हसू स्पष्ट दिसलं. मी ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलंय. ह्यांनी ते पाहून विचारलं, हा पेरू कुठला? मी सांगितलं, पाथरीचा.

स्थळाचं वाचलं. घर चांगलं असेल तर मला आनंदच आहे. पण विमलानं परभणीच्या अध्यापिका विद्यालयात डी.एड.चा अर्ज केलाय, त्याचं काय? अर्जावर माझ्या ओळखीच्या बाईंची सही तिनं माझ्याकडूनच आणवली होती, हे तुला माहीत आहे. तिला विचारलंस का? काका विचारणार नाहीत. काकांना त्यांच्या बैलांशीसुद्धा विचारून बोलायची सवय नाही, हे मी प्रेमानं लिहिते आहे. तुझ्या पुढच्या कार्डावर तुझ्या तोंडाशेजारी विमलाचंही तोंड काढून घे.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी,
प्रभावती

---

पाथरी,
६ जून १९८५

चि. सौ. प्रभावतीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, आबासाहेब स्वतः येऊन मुलगी पाहून गेले. मुलगी पसंत आहे. आषाढ लागण्याआधी म्हणजे सोळा तारखेस सुपारी फोडायचे ठरले. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. तू आणि जावईबापू पंधराला येणे.

परभणीहून विमलाला बोलावणे आले आहे. एक जुलैला हजर व्हायचे आहे. तो कागद आबासाहेबांनी पाहिला आणि घडी करून परत दिला. आमच्या घरात मास्तरीण चालणार नाही, असे ते म्हणाले, पण हसून म्हणाले. काकांनी लगेच हो म्हटले. मीही हो म्हटले. नवीन घर धरायचे तर एक गोष्ट सोडावी लागते.

तू विमलाचे तोंड काढायला सांगितलेस. पत्र माझे आहे, लिहिणाराने त्यात तोंड काढायचे नाही. मी तिला विचारले. ती काही बोलली नाही. मुलीची जात बोलत नाही म्हणजे हो म्हणते. विमला खूश आहे.

मी किती आनंदात आहे ते खाली काढते. या खेपेस तोंड मोठे काढणार आहे.

माया आहे ती तशीच ठेवणे.
तुझी आई
(हस्ते विमला)

---

येलदरी वसाहत,
९ जून १९८५

ती. स्व. काकांचे सेवेसी,
प्रभावतीचा सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या घरासाठी किती केलंत हे मी जाणते. वडील गेले तेव्हा आमचा पेरा तुम्ही आपल्या पेऱ्याआधी उरकलात. तरीही हे पत्र तुम्हाला कडू लागेल, आणि कडू लागावं म्हणूनच लिहिते आहे.

आई या सोयरिकीवर खूश नाही. तिच्या पत्रात आनंदीआनंद आहे, पण तिचं मन रडतं आहे, आणि हे मला तिच्याच हातून कळलं आहे. कसं कळलं ते आल्यावर सांगेन. तुमच्यापुढं ती बोलणार नाही. कधीच बोलली नाही. मी चौदा तारखेस पाथरीला पोचते. तोवर सुपारीची तयारी करू नये. आणि मी आल्यावरही आईच्या तोंडून हो ऐकल्याशिवाय ती फुटू देणार नाही. तुमची पुतणी आहे, हट्ट कुठून आला ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काकूंस नमस्कार. रागातही लोभ राहू द्यावा.
आपली,
प्रभावती

---

पाथरी,
११ जून १९८५

चि. सौ. प्रभावतीस माणिकरावाचे आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून माझा चहा गार झाला. लगेच तुझ्या आईकडे गेलो. वहिनी दारात चुरमुऱ्यांचे पोते निवडत होत्या आणि गाणे म्हणत होत्या. मी विचारले, वहिनी, तुम्ही रडायलाय का? त्यांनी मला वेड्यात काढले. वरून तुलाही. म्हणाल्या, मी हसू काढलंय, एवढं मोठ्ठं, पोरीला दिसना का?

हे हसू काढणे काय प्रकार आहे ते मला समजले नाही. पण येलदरीत बसून तू खामखा माझी इज्जत काढायलीस हे समजले. आबासाहेबांस मी शब्द दिला आहे. चौदाला ये, खुशाल ये, आईला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि सोळाला सुपारी वाटायला हातभार लाव. ते कार्डही घेऊन ये.

जावयांस नमस्कार. काकू म्हणतात, येताना थोडी मासळी आण. मी म्हटले, ती मासळी नाही, भांडण आणणार आहे.

तुझा काका,
माणिकराव

---

पाथरी,
१६ जून १९८५

ती. स्व. व्यंकटराव यांस,
सौ. प्रभावतीचा नमस्कार वि. वि.

आज सुपारी फुटायची होती. फुटली नाही. सगळं सांगते, कारण तुम्ही फोनच्या ऑफिसात जाऊन रांगेत उभे राहाल आणि ऑपरेटरशी भांडाल.

मी चौदाला दुपारी पोचले. आई खरंच आनंदात होती. मला वाटलं ती दाखवते आहे, म्हणून मी तिला आत नेऊन खोदून विचारलं, तर ती चिडली. तेवढ्यात काका आले. मी कार्ड काढून सगळ्यांपुढं ठेवलं. गोल, त्यात रेघ, टोकं खाली. तुम्ही पाहिलंच आहे, तुम्हीही म्हणाला होतात की सासूबाई रडताहेत. आई म्हणाली, हे माझं न्हाई, माझी टोकं वर हायेत. आणि तिनं कार्ड उचलून आपल्यापुढं धरलं, तर तिच्या बाजूनं खरंच टोकं वर होती. सगळी अक्षरं मात्र खाली डोकं वर पाय.

काकांना हसू फुटलं. मलाही. वाटलं, मिटलं, तिनं बसली त्या बाजूनं काढलं असेल, डोळे नाहीत, टिकली नाही, कुठूनही बघा सारखंच. मी काकांचे पाय धरायला वाकलेसुद्धा. पण आई हसत नव्हती. तिनं विमलाला विचारलं, की पहिल्या खेपेला तू माझ्या बाजूला येऊन कार्ड माझ्यापुढं धरलंस न् रिकामी जागा बोटानं दाखवलीस. ह्या बारीला पलीकडूनच का सरकवलंस?

विमला भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, मी फिरवलं. चुकून नाही. ती म्हणाली, ज्याचं पत्र त्याचंच, म्हणून तुझ्या पत्रात मी माझा एकही शब्द घातला नाही. विमला खूश आहे, हे तू सांगितलंस ते मी माझ्याच हातानं लिहिलं आणि दोनदा वाचूनही दाखवलं. शब्द बदलायचा नव्हता, ओळ वाढवायची नव्हती. कार्ड फिरवायला कायदा नव्हता, म्हणून फिरवलं. ताई येईल हे माहीत होतं. मला परभणीला जायचंय. वेगळं पत्र लिहिलं असतं तर ते टाकायला काकांच्याच हाती दिलं असतंस, आणि त्यांनी उघडून वाचलं असतं. हे सगळं ती सरळ आवाजात म्हणाली, रडली नाही.

आईनं त्या दिवशी विमलाला जेवायला वाढलं, पण ताट खाली आपटून. काल सकाळी अंगावरचा पदर नीट करून ती काकांच्या घरी गेली, मी मागोमाग. काकांच्या ओसरीवर उभी राहून ती म्हणाली, भावजी, सुपारी फुटायची न्हाई. काका भडकले. दिलेला शब्द, सेलूची माणसं, गावातली शोभा, सगळं बोलले. आईनं ऐकून घेतलं. मग जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. म्हणाली, पोरीनं मला फशिवलं, तिचा राग हाय, तो राहनारच. पन माजं हसू माज्या हाताखाली उलटं झालं न् मला कळलं न्हाई. मालक गेल्यापासून कितीक कागदांवर मी अंगठा लावला, कुनी कोन्ता कसा धरला ते देवाला ठाऊक. मला वरची बाजू कळत न्हाई, भावजी. हिला कळतीया. जिला कळतीया तिच्या हातातून कागद काढून घेनारी मी कोन?

काकांनी विचारलं, आबासाहेबांना कोण सांगणार? आई म्हणाली, मी जाते. आणि आज सकाळी आम्ही दोघी जीपनं सेलूला गेलो. आईनं आबासाहेबांच्या दारात पाणीसुद्धा घेतलं नाही, नकार देणारानं घोटभरही घेऊ नये म्हणे. हात जोडून सांगितलं, तुमचं घर चांगलं हाय, खोट आमच्याकडं हाय, आमची मुलगी शिकनार हाय. मग आबासाहेबांच्या पत्नी आतून आल्या आणि त्यांनी आईला दारापर्यंत सोडलं. परत येताना मी आईचा हात धरायला गेले तर तिनं झिडकारला.

मी तीसला विमलाला गाडीत बसवून येते. शेवया उरल्या असतील तर संपवू नयेत.
आपली,
प्रभावती

---

परभणी, विद्यार्थिनी वसतिगृह,
१८ ऑगस्ट १९८५

ती. सौ. ताईस,
विमलाचा सा. न. वि. वि.

वसतिगृहाचं अन्न वाईट आहे आणि मी सुखात आहे. पाठ घ्यायला आम्हाला खऱ्या वर्गावर पाठवतात. पहिल्या दिवशी माझ्या हातातला खडू तीनदा पडला.

काका मला पोचवायला आले होते. परभणीच्या स्टँडवर ट्रंक स्वतः उचलली, मी धरू म्हटलं तर धरू दिली नाही, आणि फाटकाशी म्हणाले, आता शिकलीस तर नीट शिक, माझी फजिती वाया घालवू नको.

आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. पत्र लिहून द्यायला शेजारचे तयार आहेत, पण ती कुणाला लिहू देत नाही. आता दुसऱ्याच्या हाताचं पत्र नको म्हणते. म्हणून नुसतीच कार्डं पाठवते. पत्ता पोस्टातले चंद्रभान मास्तर घालून देतात (हे दुसरे चंद्रभान, घाबरू नकोस), आणि मागं फक्त एक गोल. तुलाही तशीच येत असतील. तुझी पत्रं तिला सगुणाबाई वाचून दाखवतात. मारुतीच्या पारावर प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालतो, त्या शिकवतात. आई तिथं जायला लागली आहे. कडूबाई पारावर येऊन हसते. आईनं तिलाही पाटी दिली म्हणे.

मी चुकले का गं ताई? एकदा तरी लिही.

तुझी माया माझ्यावर राहू दे.
तुझी,
विमला

---

येलदरी वसाहत,
४ ऑक्टोबर १९८५

ती. गं. भा. आईस,
प्रभावतीचा शि. सा. न. वि. वि. सगुणाबाईंनी हे वाचून दाखवावं, त्यांसही नमस्कार.

तुझं पाचवं कार्ड काल आलं. आई, कोऱ्या कार्डावर एक गोल आणि एक रेघ. मी एका बाजूनं धरते, तू हसतेस. दुसऱ्या बाजूनं धरते, तू रडतेस. दिवसभर मी ते कार्ड फिरवत बसते. हे म्हणतात पंखा म्हणून तरी वापर.

मला खरं काय ते कळायला हवं. डोळे काढ म्हणणार नाही. पण वर काहीतरी खूण कर. पदराची रेघ काढ, केस काढ, काहीही. वरची बाजू कोणती एवढंच कळू दे. टिकली मागत नाही, तुझ्या मनाला लागेल ते मी मागणार नाही.

विमलाला मी लिहिलं आहे की ती चुकली, आणि मी तिच्या जागी असते तर हीच चूक केली असती. तू तिला काय लिहायचं ते तू ठरव.

लोभ असाच धरून ठेवावा.
तुझी,
प्रभावती

---

पाथरी
ता १२ जानेवारी ८६

ची परभावती
आईचा आशिरवाद

हे मी लिवलं. सगूनाबाई बाजूला बसली हाय पन हात लावला न्हाई. कडूबाई अजून ग म न भ मदी हाय.

एक कारड इमलला बी लिवलं. तिला लिवलं तूजा राग हाय. आन तूजी याद बी येती. दोनी लिवलं. एकच लिवलं तर खोटं झालं असतं.

भावजीनं माजी सही बघीतली. अंगठा न्हाई सही. लय येळ बघीतली. मंग मनले वयनी र ला पाय कमी हाय. मी दिला.

खाली तोंड हाय. कपाळाला कूकू दिलंय. सगूनाबाई मनली लोक काय मनतील. मी मनले हे माज्यासाटी न्हाई. वर कोनती बाजू ते पोरीला कळावं मनून हाय. कूनी ईचारलं तर सांग आईनं काडलं.

हासायले बग. फिरवू नको.

ह्या बारीला कारड मी धरलं हाय.

आई
नरमदाबाई